दर उन्हाळ्याचा पाहुणा

सेवेरिनो तबियोस बोटीवरून सुट्टीला घरी आला, की मगच पांतोक गावातला उन्हाळा खरा सुरू व्हायचा. तंबाखूची पानं खुडून झालेली असायची, शाळांना सुट्टी लागलेली असायची, नदी गुडघाभर उरून पोरांच्या ताब्यात गेलेली असायची. अशातच एखाद्या दुपारी उर्बानोची तीनचाकी टपावर खोकी लादून, धुरळा उडवत गावात शिरायची. पोरं मागून धावायची. "बेरिंग आला! मानोंग बेरिंग आला!"

गावात वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग आणि बाईला मानांग म्हणत. सेवेरिनोचं बेरिंग लहानपणीच झालेलं होतं. पुढे तो बोटीच्या इंजिनरूममध्ये तेल-वंगणाच्या कामाला लागला आणि सोबत्यांना आयता विनोद मिळाला. "बेअरिंगला तेल घालायला बेरिंगच पाहिजे," असं म्हणून ते हसायचे, आणि तोही दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा.

तो आला की डुक्कर भाजलं जायचं. आंब्याखाली बाकडी मांडली जायची, कराओके आणला जायचा, आणि बेरिंगनं आणलेली बाटली फुटली की उर्बानोसकट सगळी मित्रमंडळी घसा बसेपर्यंत गायची. दुसऱ्या दिवशी नदीवर जायचं. केळीच्या पानात भात, निखाऱ्यावरची मासळी, मीठ लावलेल्या कैऱ्या. बेरिंगची मुलगी मारिवेल नवा फ्रॉक घालून बापाच्या शेजारी बसायची, आणि बायको सियोन सगळ्यांना वाढत राहायची. महिना-दीड महिना असा जायचा. मग एका सकाळी तीच तीनचाकी, एक बॅग, आणि बेरिंग पुन्हा समुद्रावर.

असं त्याचं सगळं आयुष्य गेलं. त्याचा बाप दुसऱ्याच्या तंबाखूत राबायचा. स्वतःची अशी जमीन घराण्यात कुणाचीच नव्हती. बेरिंगनं बोटीच्या पगारावर घर बांधलं, घराभोवतीची जागा घेतली, मुलीला शिकवलं. तो स्वतः मात्र जमिनीच्या पोटात राहावं तसा बोटीच्या पोटात राहिला. तिथं दिवस आहे की रात्र, हे घड्याळात बघून कळायचं. वांगी, भेंडी, कोबी त्याला माहीत होती ती ताटातली. झाडावर ती कशी दिसतात, याचा त्यानं कधी विचारही केला नव्हता.

सियोन गेली तेव्हा त्याची बोट ब्राझीलच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. शवपेटी घरात ठेवून नातेवाईक त्याची वाट बघत बसले. तो आला, तिला पुरलं, नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, आणि घरात काय करावं ते न सुचून त्यानं पुढचा करार केला. त्या करारानंतर मात्र तपासणीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा सोडत मान हलवली. "आता घरी बसा, आराम करा," ते म्हणाले.

म्हणून बेरिंग आला तो जानेवारीच्या शेवटी, आणि कायमचा.

पहिले चार दिवस लोक येऊन गेले. भेटेल तो विचारायचा, "मानोंग, परत कधी निघणार?" गावात त्याला हेच विचारायची पद्धत होती. त्यात वाकडं काही नव्हतं. पण बेरिंग म्हणायचा, "आता नाही निघणार. संपलं." मग समोरचा "असं, असं" करायचा आणि वाटेला लागायचा. कायम इथंच असणाऱ्या बेरिंगशी काय बोलायचं, ते गावाला ठाऊक नव्हतं. उर्बानोला तीनचाकीच्या फेऱ्या होत्या, बाकीच्यांना तंबाखूच्या भट्ट्या होत्या. आंब्याखालची बाकडी रिकामी पडली. बेरिंग सकाळी उठून कॉफी करायचा, एकाच कपाची, आणि ती पिऊन झाल्यावर दिवस पुढ्यात तसाच्या तसा पडलेला असायचा.

शेजारची मानांग मिंगा कुंपणावरून त्याला अधूनमधून वाटीभर काहीतरी द्यायची. म्हातारी जिभेची तिखट होती.

"घे. शेवग्याचा पाला आहे. शिजवता येतो ना, की तेही बोटीवर दुसरंच कुणी करायचं?"

"येतं की, मानांग."

"मग माझ्याकडं असा बघू नकोस. उद्या मी मेले तर तू पाला विकत आणशील. सगळं गाव हसेल."

ते त्याला लागलं. घरामागे एवढी जागा होती, आणि तो दुसऱ्याच्या वाटीतलं खात होता. त्याच दुपारी तो टोपी घालून मागे गेला. हापशाच्या पलीकडे बांबूचा एक मोडका मांडव होता. त्यावर वाळलेल्या वेलींचं जाळं लोंबत होतं, खाली पाचोळा साठला होता. सुट्टीला आल्यावर हापशावर हातपाय धुताना हे जाळं त्याला नेहमी दिसायचं. सियोनला तेवढं साफ करायला सवड मिळाली नाही, असं त्याच्या मनात यायचं आणि तो विसरून जायचा. आता त्यानं बांबू उपटले, वेली ओढून काढल्या, खालचे जाडजूड गड्डे फावड्यानं खणून बाहेर फेकले. सगळ्याचा ढीग करून पेटवून दिला. धूर मिंगाच्या अंगणात गेला. ती दारात आली, बराच वेळ बघत उभी राहिली, आणि काही न बोलता आत गेली.

बेरिंगनं तालुक्याच्या बाजारातून बियाणं आणलं. वांगी, भेंडी, चवळी, कारली. सगळी चवळी त्यानं एकाच सरीत मूठ मोकळी करावी तशी ओतली. पाणी घालायचा भर दुपारी, कारण ऊन चढलं की झाडांना तहान लागत असणार, असा त्याचा हिशोब. मिंगाच्या कोंबड्यांनी पहिले कोंब उकरून खाल्ले. त्यानं कुंपणाला जाळी लावली आणि पुन्हा पेरलं. रोज सकाळी तो इंजिनरूममध्ये फेरी मारायचा तसा वाफ्यांमधून फेरी मारायचा. वाकून बघायचा, बोटानं माती दाबून बघायचा.

एक दिवस भेंडीला फूल आलं. फिकट पिवळं, मधे गडद ठिपका. बेरिंग बघतच राहिला. भेंडीला असं फूल येतं, हे त्याला या वयात कळत होतं. त्यानं मान वळवून आजूबाजूला पाहिलं, पण मिंगा बाजाराला गेली होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्यानं मनिलाला मारिवेलला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, बघ. दिसतंय का?"

"काय आहे, तातांग?"

"भेंडीचं फूल."

"हो का? छान आहे हं." तिच्यामागे ऑफिसातली माणसं बोलत होती. "तब्येत बरी आहे ना तुमची? गोळ्या घेताय? मी करते हं नंतर फोन."

फोन बंद झाल्यावर तो पुन्हा त्या फुलाजवळ जाऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत ते मिटलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मारिवेल येणार होती, नवरा आर्नेल आणि सात वर्षांच्या आल्थियाला घेऊन. बेरिंगनं मनाशी ठरवलं, तोवर बाग झाली पाहिजे. आणि झालीही. भेंडी बोटभर झाली, वांगी जांभळी चकचकीत झाली, कारल्याच्या वेलानं जाळी धरली. चवळीचं तेवढं रान माजलं होतं, पण त्यालाही शेंगा लोंबत होत्या.

ते आले आणि घर भरलं. आल्थिया चपला भिरकावून थेट वाफ्यात शिरली. तिनं भेंडी कधी झाडावर बघितली नव्हती.

"लिलोंग, ही वरच्या बाजूला का बघते?"

"कोण?"

"भेंडी. सगळ्या भाज्या खाली लोंबतात, हीच वर बघते."

बेरिंगला हसू आलं. आजोबा आणि नातीनं टोपलीभर भाजी तोडली. आर्नेल विहीर-हापशाच्या गावातला नव्हता, तो हापसा मारताना धापा टाकत होता. पोरगी धारेखाली नाचत होती. बेरिंगनं स्वतः दिनेंगदेंग केलं. वांगं, भेंडी, कारलं आणि शेंगा एका पातेल्यात, वर खारवलेल्या मासळीचा बागोओंग. बोटीवर जमेल तसं शिकलेलं.

"कडू आहे," आल्थियानं कारलं ताटाबाहेर काढून ठेवलं.

"तुझ्या आईलाही आवडायचं नाही," बेरिंग म्हणाला.

मारिवेल हसली. "मला आवडतं, तातांग. मला कायम आवडायचं."

"असं होय," तो म्हणाला आणि भात वाढून घ्यायला लागला.

ते दिवस चांगले गेले. नदीवर गेले, पाण्यात बसले, कैऱ्या खाल्ल्या. उर्बानोनं एक फेरी बुडवून कराओके आणला आणि आर्नेलसोबत बेसूर गायला. रस्त्याकडेच्या टपरीवर सगळ्यांनी किसलेल्या बर्फात दूध, जांभळं रताळं आणि गोड घेवडा घालून खाल्लं. आल्थियाची जीभ जांभळी झाली. बघणाऱ्याला वाटावं, जुने उन्हाळे परत आले.

पण बेरिंगला काहीतरी टोचत होतं, आणि ते काय हे कळायला त्याला वेळ लागला. मारिवेल पहिलं ताट त्याला वाढायची. आंघोळीला निघाला की घडी न मोडलेला टॉवेल त्याच्या हातात द्यायची. "तुम्ही बसा, तातांग. तुम्ही नका उठू. पाणी आणू का?" त्याच्यासमोर ती आणि आर्नेल एकमेकांवर चिडायचेही नाहीत. तो स्वयंपाकघरात गेला की बोलणं थांबायचं आणि सगळे हसून बघायचे. त्याच्याच घरात त्याची सरबराई चालली होती.

गुड फ्रायडेच्या दुपारी गाव चिडीचूप होतं. त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नाही, रेडिओ लावत नाही. मारिवेल आल्थियाचा हात धरून घरामागे गेली. "चल, तुला माझ्या नानांगची, तुझ्या आजीची चौधारी दाखवते, चार कडांच्या शेंगांची वेल. आता वाळलेली असेल, पण जागा तर बघ. त्या मांडवाखाली बसून मी पाढे पाठ करायचे."

थोड्या वेळानं ती एकटीच परत आली आणि दारात उभी राहिली.

"तातांग, हापशामागं मांडव होता ना?"

"बांबूचा? तो मी काढला. सगळं वाळून गेलं होतं. आता तिथंच वांगी आहेत."

"आणि खाली गड्डे होते ते?"

"होते ना, हे एवढाले. खणून काढले सगळे. जाळून टाकले."

 मारिवेलचा चेहरा बघून बेरिंगला वाटलं, हिला ऊन लागलं. तो उठायला लागला. "मला वाटलं, तुझ्या नानांगची साफसफाई राहून गेली असेल. म्हटलं आपण—"

"साफसफाई?" ती म्हणाली. "ती चौधारी होती. दर उन्हाळ्यात ती अशीच वाळते. पाऊस पडला की त्याच गड्ड्यांतून फुटते आणि मांडव झाकून टाकते. नानांगनं तिच्या माहेराहून आणली होती ती. माझ्या जन्माच्या आधी."

"मला कसं कळणार गं?"

"तुला कसं कळणार!" आवाज एकदम चढला, आणि त्या आवाजात 'तुम्ही' गळून पडलं. "तू कधी पावसाळ्यात आलास? कधी बघितलीस ती हिरवी? तू यायचास उन्हाळ्यात. तू आलास की आम्ही हातातलं सगळं टाकून तुझी सुट्टी साजरी करायचो. नवे फ्रॉक घालायचो. हसायचो. बाजारातून भाजी आणायचो, कारण तू असताना नानांगला परसात जायला वेळ कुठला? तू गेलास की मग आमचं घर सुरू व्हायचं. ती शेंगा निवडत बसायची, मी अभ्यास करायचे. तेच घर होतं, तातांग. तेच तू जाळलंस."

आर्नेल आतून आला, त्यानं दोघांकडं बघितलं आणि आल्थियाला घेऊन नदीकडं निघून गेला.

बेरिंग खुर्चीवर बसून राहिला. काही सांगण्यासारखं होतं, पण ते सगळं पगाराचं आणि पैशाचं होतं, आणि ते आता काढण्यात अर्थ नव्हता हे त्यालाही कळत होतं. मारिवेल पायरीवर बसून रडली. त्यानं उठून तिच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला. तिनं तो घेतला नाही. तो परत येऊन बसला. एवढी वर्षं घरी येताना त्याला वाटायचं, आपल्या घरात भांडणच होत नाही, किती सुखी आहोत आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाशी गेला.

"मानांग, तुम्हाला माहीत होतं?"

मिंगा कोंबड्यांना दाणे टाकत होती. कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही.

"माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुला?" तिनं दाण्यांचं सूप खाली ठेवलं. "अरे, फावडं काय जोरात चालवत होतास तू! मी म्हटलं, नवरा आहे, त्याला ठाऊक असेल. मग म्हटलं, नसेल ठाऊक. पण तुला कोण बोलणार, बेरिंग? आजवर तुला 'ये, बस, खा' याखेरीज कुणी काही म्हटलंय का या गावात? पाहुण्याला कुणी चुका दाखवतं का?"

"तुमच्याकडं आहे का ती चौधारी? एखादा गड्डा?"

"नाही रे. सियोन शेंगा द्यायची मला, म्हणून मी कधी लावलीच नाही."

ईस्टरच्या दिवशी दुपारी त्यांची बस होती. सकाळी बेरिंग उठून मागे आला, तर मारिवेल चवळीच्या सरीत वाकली होती. दाटीतली रोपं ती मुळासकट उपटून बाजूला टाकत होती. त्यानं जीव लावून वाढवलेली अर्धी सरी मोकळी झाली होती.

"इतकी दाट लावतात का?" ती मान वर न करता म्हणाली. "श्वास कुठून घ्यायचा त्यांनी? आणि पाणी दुपारी घालता? पानं भाजलीत."

"मग कधी घालायचं?"

"पहाटे. नाहीतर ऊन उतरल्यावर. नानांग काय तुम्हाला—" ती थांबली. "धरा तो बांबू."

त्यानं बांबू धरला. ती वेल बांधत गेली.  तिचं 'तुम्ही' परत आलं होतं, पण पहिल्यासारखं घडी न मोडलेलं नव्हतं.

निघताना त्यानं पोतंभर भाजी दिली. आल्थियानं भेंड्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. उर्बानोची तीनचाकी वळणावरून दिसेनाशी झाली. आजवर त्या तीनचाकीत बसून तो जायचा. दारात उभं राहून मागं उरायचं कसं असतं, ते त्यानं पहिल्यांदा अनुभवलं. सियोन दरवेळी किती वेळ उभी राहायची आणि मग आत जाऊन आधी काय करायची, हे त्याला माहीत नव्हतं.

तो आत गेला. खाटेवर टॉवेल वाळत पडले होते. त्यानं ते गोळा केले, पुन्हा तिथंच ठेवले, आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहिला.

दोन-तीन दिवसांनी मारिवेलचा फोन आला.

"वांगी जून होती, तातांग. बियाच बिया. लवकर तोडत जा ना."

"बरं."

"नुसतं बरं नाही. चमक गेली की जून झालं समजायचं."

"बरं, बरं. चमक बघतो." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या बोलण्यावर खूश होता. ती रागावली होती, आणि त्याच्यावरच रागावली होती.

मे महिना कडक तापला. बाग मात्र अंगात आल्यासारखी भाजी देत सुटली. एकट्या माणसानं किती खायची? त्यानं मिंगाला दिली, उर्बानोला दिली, चर्चच्या दारात बसणाऱ्या बायकांना दिली. लोक घ्यायचे, हसायचे, "वा, मानोंग" म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. नदीवर दुसऱ्यांची सुट्टीवर आलेली माणसं पोरांना घेऊन बसलेली असायची. एकदा त्यांच्यातल्या एकानं, कुवेतहून आलेल्या कुणीतरी, बेरिंगला हाक मारून मासळी खायला बसवलं. बेरिंग बसला. तो माणूस मोठ्यानं हसत होता, त्याची मुलगी नवा फ्रॉक घालून नीट बसली होती, आणि बायको सगळ्यांना वाढत होती. बेरिंगच्या तोंडापर्यंत आलं की सांगावं काहीतरी या माणसाला. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही. त्यानं मासळी खाल्ली, छान आहे म्हणाला आणि घरी आला.

भेंड्या झाडावरच निबर व्हायला लागल्या. एकटं जेवायचं म्हणजे कधीकधी चूलही पेटवायचं मनावर येत नसे. पहाटे पाणी घालताना मात्र त्यानं खाडा केला नाही.

जूनच्या तोंडाशी एका संध्याकाळी तो मिंगाच्या दारात गेला.

"आता पुढं काय लावू, मानांग?"

"हापशाच्या डाव्या अंगाला काही लावू नकोस. तिथं पाणी तुंबतं. महिनाभर तळं असतं नुसतं."

"माझ्या परसात तळं होतं?"

"सियोन फळी टाकून जायची पलीकडं."

बेरिंगनं कुंपणापलीकडं आपल्या परसाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मानांग, जरा येता का? तिनं कुठं काय लावलंय ते दाखवता मला? म्हणजे माझ्या हातून आणखी काही..."

 या वेळी म्हातारीनं टोमणा मारला नाही. चपला शोधून, गुडघ्यावर हात ठेवत ती कुंपणाच्या फटीतून आली.

परसभर फिरायला त्यांना बराच वेळ लागला. मिंगा दाखवत होती. हे लिंबू, मारिवेल शाळेत जायला लागली तेव्हाचं. हे आलं, आता जमिनीत झोपलंय, पाय देऊ नकोस. इथं ती भांडी घासायची, म्हणून इथला अळू एवढा माजलाय. या दगडावर बसायची. हा शेवगा दोनदा वादळात पडला, दोनदा तिनं उभा केला, मी टेकू धरला होता.

"कधीचं वादळ?" बेरिंगनं विचारलं.

"तू तेव्हा कुठं होतास कुणास ठाऊक," मिंगा म्हणाली. "तिनं कळवलं नाही तुला?"

"नाही."

"कशाला कळवेल. तू काय समुद्रातून टेकू धरणार होतास?"

मिंगाचे गुडघे दुखायला लागले, तशी ती घरी गेली. जाताना तिनं सांगितलं, "उद्या ये. पाल्याची भाजी करते. तुझ्या भेंड्या घेऊन ये, पण कोवळ्या आण."

बेरिंग एकटाच परसात राहिला. उजेड अजून होता. तो पुन्हा लिंबापासून सुरू झाला आणि तिनं सांगितलेलं एकेक मनाशी म्हणत, आल्यावर पाय पडू न देता, हळूहळू सगळ्या परसात फिरला.